खुंट्याभोवतीच्या फेऱ्या

तोक्योच्या विद्यापीठात वैद्यक शिकणाऱ्या शोमा मोरिता यांच्या छातीत सारखी धडधड व्हायची. डोके दुखायचे, अभ्यासात लक्ष लागायचे नाही. डॉक्टरांनी मज्जातंतूंचा अशक्तपणा आणि बेरीबेरी असे निदान करून औषधे दिली. परीक्षा तोंडावर आली आणि गावाकडून वडिलांचे पैसे येईनात. घरच्यांना आपली पर्वा नाही, असे मुलाने मनाशी धरले. रागाच्या भरात त्याने औषधे टाकून दिली आणि मरायचे तर मरू म्हणत रात्रंदिवस अभ्यास केला. परीक्षेत गुण चांगले मिळाले. त्याहून नवल म्हणजे धडधड आणि डोकेदुखी कुठल्या कुठे पळाली होती. पैशांचा उलगडाही मागाहून झाला. रेशीमकिड्यांचा हंगाम होता, कामाच्या धांदलीत ते पाठवायचे राहून गेले होते.

मोरितांचा जन्म १८७४चा, जपानमधल्या कोची प्रांतातला. लहानपणी गावच्या देवळात नरकाचे चित्र पाहिल्यापासून मृत्यूचे भय त्यांच्या मनात बसले होते. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर त्यांच्याकडे येणारी माणसे त्यांना ओळखीची वाटली. चारचौघांत चेहरा लाल होईल म्हणून घराबाहेर न पडणारी, सारखी नाडी चाचपणारी, आज झोप लागेल का या काळजीने जागी राहणारी. संमोहन, विश्रांती, समजावणी हे पश्चिमेकडून आलेले उपाय त्यांनी करून पाहिले. मनासारखे फळ आले नाही.

या रुग्णांच्या बोलण्यात त्यांना एक चक्र दिसले. छातीकडे लक्ष गेले की धडधड जास्त जाणवते आणि ती जाणवली की लक्ष आणखी तिकडेच खिळते. त्यात ‘हे मला होताच कामा नये’ हा हट्ट मिसळला की चक्राला वेग येतो. मोरिता खुंट्याला बांधलेल्या गाढवाचा दाखला देत. सुटण्यासाठी ते गोल गोल फिरते, प्रत्येक फेरीला दोर आखूड होतो आणि शेवटी ते खुंट्यालाच आवळले जाते.

१९१९च्या सुमारास त्यांनी रुग्णांना स्वतःच्या घरीच ठेवून घ्यायला सुरुवात केली. पहिले चार ते सात दिवस फक्त पडून राहायचे. वाचन नाही, गप्पा नाहीत, विडी-सिगारेट नाही. भीती आली तर येऊ द्यायची, तिला हाकलायचे नाही की तिची समजूतही काढायची नाही. काही दिवसांनी माणूस भीतीपेक्षा रिकामपणालाच कंटाळतो आणि हात कामासाठी शिवशिवू लागतात. मग अंगण झाडणे, बागकाम, लाकडे फोडणे अशी वाढती कामे. रोज रात्री रोजनिशी लिहायची आणि तिच्यावर डॉक्टरांनी शेरे मारायचे. मोरितांचा शब्द होता ‘अरुगामामा’, म्हणजे जसे आहे तसे. भीतीला जशी आहे तशी राहू द्यायचे आणि भीती सोबत असतानाच अंगण झाडून पूर्ण करायचे. माझ्या मते या उपचाराचा कणा त्या झाडूतच आहे. नुसते पडून राहणे ही फक्त तयारी.

मनाला एखादी गोष्ट बजावली की ते उलटे का वागते, याचे प्रयोगातले उत्तर बरेच नंतर मिळाले. १९८७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितले. विचार आला की घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर मुद्दाम अस्वलाचा विचार करायला सांगितल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनात तो, आधी मनाई नसलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आला. वेग्नर यांनी याचा उलगडा असा केला: विचार टाळायचा तर तो आला की नाही हे पाहणारा एक पहारेकरी मनात बसवावा लागतो आणि त्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत अस्वलच असते.

भावनांचेही असेच होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंता आणि नैराश्याच्या ६० रुग्णांना मन हेलावणारी चित्रफीत दाखवली. काहींना भावना दाबायला सांगितले, काहींना त्या येऊ द्यायला. चित्रफीत चालू असताना त्रास दोन्ही गटांना सारखाच झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक दुसरीकडे पडला. दाबणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, येऊ देणाऱ्यांचे उतरले आणि चित्रफीत संपल्यावर ती माणसे लवकर सावरली.

स्वीकारावर उभ्या असलेल्या उपचारांना आज मानसोपचारात मानाचे स्थान आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज स्वतः घबराटीच्या झटक्यांतून गेले आणि त्यातून त्यांनी ‘अ‍ॅक्ट’ ही पद्धत उभी केली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचार-मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली दीर्घकालीन वेदनांच्या उपचारांत तिचा समावेश केला. मराठी वाचकाला मात्र याची ओळख बहुधा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडून, म्हणजे मुंबईच्या कि. मो. फडके यांच्या लेखनातून झालेली असते. स्वतःला, इतरांना आणि आयुष्याला विनाअट स्वीकारणे हा एलिस यांच्याही विचाराचा गाभा होता.

पण ज्यांचे दुःख खरोखर डोंगराएवढे आहे, त्यांना याचा काय उपयोग? युगांडातल्या रायनो कॅम्प या निर्वासितांच्या वस्तीत दक्षिण सुदानच्या युद्धातून पळून आलेल्या स्त्रियांसोबत ही परीक्षा झाली. चौदा गावे, सुमारे ७०० स्त्रिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या, स्वीकारावरच आधारलेल्या या कार्यक्रमात दोन-दोन तासांची पाच सत्रे होती. सूचना ध्वनिमुद्रित, पुस्तिका चित्रांची आणि सत्रे चालवणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, तर थोडे प्रशिक्षण घेतलेले साधे लोक. पाय जमिनीवर टेका, श्वास सावकाश सोडा, भोवती काय दिसते ते पाहा. ‘ही ती आठवण’ असे म्हणून आठवणीला ओळखा, तिच्याशी झोंबू नका आणि हातातल्या कामाकडे, मुलाकडे परत या. २०२० साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतरही या स्त्रियांचा मानसिक त्रास, सत्रे न मिळालेल्यांपेक्षा कमी होता. फरक प्रचंड नव्हता. तरी मानसोपचारतज्ज्ञ फारसे नाहीत अशा ठिकाणी, एका ध्वनिफितीच्या बळावर तो पडला, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे स्वीकार म्हटले की एक गल्लत हमखास होते. ‘चालायचंच’, ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’, ‘भोग आहेत’ ही वाक्ये पिढ्यान् पिढ्या स्वीकाराच्या नावाखाली सांगितली गेली आहेत. मार खाणाऱ्या बाईला मार स्वीकारायला कुठलाही मानसोपचार सांगत नाही. स्वीकारायची ती मनात उठणारी भीती, लाज, दुःख. परिस्थिती नव्हे. उलट ‘मला भीती वाटते आहे’ हे मान्य केलेली बाई ती भीती घेऊनच पोलिसांत जाऊ शकते. तीव्र नैराश्य, भ्रम, जीव द्यावासा वाटणे अशा वेळी तर एकट्याने स्वीकार करत बसू नये. डॉक्टर गाठावा, किंवा १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या सरकारी क्रमांकावर बोलावे.

१९३० साली मोरितांचा तरुण मुलगा गेला. ते लोकांदेखत ओक्साबोक्शी रडले. १९३८ साली स्वतःचा अंत जवळ आला तेव्हाही त्यांना मरणाची भीती वाटत होती, देवळातल्या त्या चित्रापासून वाटत आली होती तशीच. त्यांनी ती लपवली नाही. शिष्यांना खाटेजवळ बोलावून, मी कसा मरतो ते नीट पाहा, असे त्यांनी सांगितले आणि ते रडत राहिले.