व्हिडिओ अडकतो, आवाज जातो: दोष नेमका कुठे असतो?

गणेशोत्सवातली एकांकिका, हरिनाम सप्ताहातले कीर्तन, वाचनालयाची व्याख्यानमाला, गावच्या जत्रेची पालखी. २०२० च्या टाळेबंदीनंतर यातले बरेच काही यूट्यूबवर चढवण्याची सवय अनेक मंडळांना लागली, आणि ती चांगलीच सवय आहे. हे काम करणारे दोन-तीन कार्यकर्ते नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रात्री बसतात. सकाळी लिंक व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडते आणि दुपारपर्यंत तक्रारी सुरू होतात. तक्रार करणाऱ्याला अडचण खरोखरच आलेली असते. तिचे कारण मात्र भलत्याच जागी शोधले जाते आणि विनाकारण मने दुखावतात. म्हणून नेहमी ऐकू येणाऱ्या काही समजुती तपासून पाहायला हव्यात.

"व्हिडिओ अंधूक दिसतो, म्हणजे शूटिंगच वाईट झाले आहे."

जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांचे चित्र असेच दिसायचे, त्यामुळे हा तर्क सहज पटतो. प्रत्यक्षात यूट्यूब चढवलेल्या व्हिडिओच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती तयार करते आणि त्यातली हलकी, ३६० पीची प्रत सर्वांत आधी दिसू लागते. एचडी प्रत मागाहून येते. दोन तासांचे कीर्तन फोर-केमध्ये असेल तर त्याला काही तासही लागतात. लिंक येताच उघडणाऱ्या उत्साही प्रेक्षकाला म्हणूनच सर्वांत वाईट चित्र पाहायला मिळते. दुसरे कारण प्रेक्षकाच्या नेटचे. १०८० पीसाठी साधारण ५ एमबीपीएस वेग सतत मिळावा लागतो, ३६० पीला ०.७ पुरतो. वेग घसरला की यूट्यूब व्हिडिओ थांबवण्याऐवजी आपणहून दर्जा उतरवते. व्हिडिओवरच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर बोट ठेवले की कोणता दर्जा चालू आहे ते कळते. कार्यकर्त्यांनीही व्हिडिओ आधी खाजगी ठेवून, एचडी तयार झाल्यावरच जाहीर केला तर निम्मी कुरबुर उद्भवणारच नाही.

"आम्हाला नीट ऐकू येते, म्हणजे तुमचाच मोबाइल बिघडला आहे."

हा गैरसमज कार्यकर्त्यांचा आहे आणि सर्वांत जास्त अन्याय याच समजुतीने होतो. एकच व्हिडिओ एका फोनवर खणखणीत वाजतो आणि दुसऱ्यावर मुका राहतो, तेव्हा दोष दुसऱ्या फोनचा असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही फोन ठणठणीत असूनही असे घडू शकते. त्याचे मूळ बऱ्याचदा साउंडवाल्याच्या मिक्सरमागे खोचलेल्या एका केबलमध्ये असते.

मिक्सरचे मुख्य आउटपुट बहुधा बॅलन्स्ड असते. एकच आवाज दोन तारांतून जातो, एका तारेत सुलटा आणि दुसऱ्या तारेत उलटा. लांबच्या केबलमध्ये शिरलेली खरखर पलीकडच्या यंत्रात वजा करता यावी म्हणून केलेली ही सोय आहे. कॅमेऱ्याचे माइक सॉकेट मात्र स्टिरिओ असते. ते यातली एक तार डाव्या कानाची आणि दुसरी उजव्या कानाची समजते. मग रेकॉर्डिंगच्या एका बाजूला सुलटा आवाज बसतो आणि दुसऱ्या बाजूला तोच उलटा. एडिटिंगला बसलेल्या कार्यकर्त्याने हेडफोन लावलेला असतो. दोन्ही कानांना आपापला आवाज मिळतो, तो थोडा पोकळ वाटतो, पण शब्द न् शब्द कळतो. एकच स्पीकर असलेल्या साध्या फोनला मात्र दोन्ही बाजूंची बेरीज करावी लागते. सुलटे आणि उलटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि बुवांचे ओठ हलताना दिसतात, आवाज जवळजवळ शून्य. तक्रार करणाऱ्या आजी खरे सांगत असतात आणि हेडफोन लावलेला कार्यकर्ताही खरेच सांगत असतो.

यावर प्रेक्षकाला काही करता येत असेल तर एवढेच, की तात्पुरता इअरफोन लावून ऐकावे. खरा इलाज कार्यकर्त्यांकडे आहे. एडिटिंग करताना दोनपैकी एकच बाजू घेऊन ती दोन्हीकडे टाकायची, की काम झाले. पुढच्या कार्यक्रमाला मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून आवाज घ्यावा किंवा साउंडवाल्याकडे योग्य जोडणी मागावी. आणि व्हिडिओ जाहीर करण्यापूर्वी तो घरातल्या सर्वांत साध्या फोनवर, हेडफोन न लावता, दोन मिनिटे ऐकावा. ही एक तपासणी कितीही महागड्या माइकपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

"अभंग तुकोबांचा, मग कॉपीराइट कुणाचा?"

प्रश्न रास्त आहे, आणि अर्धे उत्तरही त्यातच आहे. सतराव्या शतकातल्या शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही. पण भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. तुकोबांच्या शब्दांना विसाव्या शतकातल्या संगीतकाराने दिलेली चाल ही स्वतंत्र निर्मिती असते आणि कंपनीने काढलेले तिचे रेकॉर्डिंग ही तिसरी. पालखीच्या चित्रणात मागे मंडपातल्या लाउडस्पीकरवर असे रेकॉर्डिंग वाजत असेल, तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते. २००७ पासून चालू असलेली ही यंत्रणा स्वयंचलित आहे. कुणी मुद्दाम मंडळाच्या मागे लागलेले नसते.

ओळख पटली की दावा लागतो. हक्कदार व्हिडिओवर जाहिराती लावू शकतो, तो सगळीकडे बंद करू शकतो किंवा काही देशांपुरता रोखू शकतो. साताऱ्यात व्यवस्थित चालणारा व्हिडिओ न्यू जर्सीतल्या मुलीला "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असे सांगतो, त्यामागे बहुधा हेच असते. मात्र दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. स्ट्राइक ही हक्कदाराच्या रीतसर मागणीवरून व्हिडिओ काढला गेल्यावर लागते आणि ९० दिवसांत तीन लागल्या तर चॅनेल बंद होण्याची वेळ येते. नुसत्या दाव्याने तसे होत नाही, त्यामुळे पहिला दावा दिसताच घाबरून सगळे व्हिडिओ काढून टाकू नयेत. वादग्रस्त तुकड्याचे गाणे यूट्यूब स्टुडिओत काढता येते. मधेच काही सेकंद आवाज गेल्याची जी तक्रार येते, ती अशाच तुकड्याची असू शकते. आणि पारंपरिक चालीत आपल्याच बुवांनी गायलेल्या अभंगावर चुकून दावा लागला, तर हरकत जरूर घ्यावी. दावेदाराला उत्तर देण्यासाठी ३० दिवस असतात.

"खाली 'श्रेय मूळ कलाकारांना' असे लिहिले की परवानगी लागत नाही."

श्रेय देणे ही सभ्यता आहे, परवानगी ही वेगळी गोष्ट. श्रेय म्हणजे परवानगी, असे कायदाही मानत नाही आणि यंत्रणा तर ते वाक्य वाचतही नाही, ती फक्त आवाज आणि चित्र जुळवते.

"जाहिराती दिसतात, म्हणजे मंडळाला पैसे मिळतात."

वर्गणीच्या हिशेबावर आधीच सगळ्यांचे लक्ष असते, त्यात ही शंका फार लवकर मूळ धरते. तिचा उगमही समजण्यासारखा आहे, कारण पूर्वी जाहिरात साधारणपणे कमाई करणाऱ्या चॅनेलवरच दिसायची. ते चित्र बदलले आहे. यूट्यूबने आपल्या अटी बदलल्या आणि जून २०२१ पासून भारतासह अमेरिकेबाहेरही, कमाईच्या योजनेत नसलेल्या चॅनेलवर जाहिराती दाखवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. अशा चॅनेलला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. जाहिरातीतला वाटा हवा असेल तर किमान १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर अर्ज मंजूर व्हावा लागतो. वर्षातून चार-पाच कार्यक्रम टाकणाऱ्या मंडळाला हा टप्पा गाठणे अवघडच. कंटेंट आयडीचा दावा लागलेला असेल तर उत्पन्न दावेदाराकडेही जाऊ शकते. एखादे चॅनेल खरोखरच योजनेत असेल, तर ती रक्कम वार्षिक जमाखर्चात दिसली पाहिजे, आणि ती विचारण्याचा सभासदांना पूर्ण हक्क आहे. पण विचारायचे ते जमाखर्च पाहून. जाहिरात दिसली हा पुरावा नव्हे.

"बालनाट्यावरच्या कॉमेंट मंडळाने मुद्दाम बंद केल्या."

कौतुक लिहायला गेलेल्या पालकांना कॉमेंटची जागाच दिसत नाही, तेव्हा कुणीतरी तोंड बंद केल्यासारखे वाटते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर, जानेवारी २०२० पासून, "लहान मुलांसाठी" असे ठरलेल्या व्हिडिओंवर कॉमेंट यूट्यूबच बंद ठेवते. मोठ्यांसाठीच्या व्हिडिओवर चुकून ती खूण झाली असेल तर कार्यकर्त्यांनी ती बदलावी. मुलांसाठीच असेल तर ती तशीच राहू द्यावी.

"चूक सुधारून त्याच लिंकवर नवा व्हिडिओ टाका, पाच मिनिटांचे काम आहे."

फेसबुकवरची पोस्ट दुरुस्त करता येते, मग हे का नाही, असे वाटणारच. शीर्षक, वर्णन आणि मुखचित्र केव्हाही बदलता येते, नको असलेला भाग कापता येतो, चेहरा पुसट करता येतो. फाइल मात्र बदलता येत नाही. वक्त्याचे नाव पडद्यावरच्या पट्टीत चुकले असेल तर सबंध व्हिडिओ पुन्हा चढवावा लागतो, त्याला नवी लिंक मिळते आणि जुन्या कॉमेंट, जुने व्ह्यूज मागेच राहतात. जुना व्हिडिओ लगेच उडवू नये, कारण तो परत मिळवण्याची सोय नाही आणि त्याची लिंक गावभर पोचलेली असते. तो अनलिस्टेड करून वर्णनात पहिल्याच ओळीत नवी लिंक द्यावी.

"'दिसत नाही' एवढे लिहिले की कार्यकर्त्यांना कळते."

लिहिणाऱ्याच्या हातात फोन असतो, पडद्यावर काय आले आहे ते त्याला दिसत असते, म्हणून हे पुरेसे वाटते. पण "दिसत नाही" या दोन शब्दांत वर सांगितलेली सगळी कारणे मावतात आणि कार्यकर्ता अंदाज करत बसतो. तक्रार करताना चार गोष्टी लिहाव्यात: फोन की टीव्ही आणि कोणता, वायफाय की मोबाइल डेटा, कितव्या मिनिटाला अडले आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडला तर उत्तमच. आणि तक्रार गटावर टाकण्याआधी तोच व्हिडिओ घरातल्या दुसऱ्या एका फोनवर लावून पाहावा.