विरजणाची वाटी आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

वसईच्या वाड्यांतील जुन्या घरांत रात्री निजण्यापूर्वी कोमट दुधात विरजण घालण्याची रीत अजूनही टिकून आहे. घरातील आजोबांच्या रक्ततपासणीत क्रिएटिनीन वाढल्याचे कळले, की मात्र याच वाटीविषयी मतभेद सुरू होतात. एक म्हणतो, दही बंद करा; दुसरा औषधाच्या दुकानातून 'प्रोबायोटिक' कॅप्सूलची पट्टी घेऊन येतो. आपल्याही घरी असा पेच पडला असेल, तर आतडे आणि मूत्रपिंड यांचा संबंध नेमका काय, हे आधी समजून घ्यावे.

आपण खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जिवाणू त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यातून इंडोल व पी-क्रेसॉल ही द्रव्ये तयार होतात. शरीरात त्यांचे रूपांतर इंडॉक्सिल सल्फेट व पी-क्रेसिल सल्फेट यांत होते आणि निरोगी मूत्रपिंड ती लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले, की ही द्रव्ये रक्तात साचू लागतात. ती रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहत असल्यामुळे डायलिसिसनेही पुरेशी निघत नाहीत. दुसऱ्या बाजूने रक्तातील वाढलेला युरिया आतड्यात झिरपतो, काही जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि आतड्याचे अस्तर दुखावते. आजार मूत्रपिंडाचा असला, तरी त्याची झळ पोटाला लागते आणि पोटातील बिघाड पुन्हा मूत्रपिंडाच्या वाट्याला येतो.

मग हितकारक जिवाणू वाढवले तर? ही आशा जुनी आहे. आंबवलेल्या दुधातील जिवाणू वार्धक्य लांबवतात, असा विचार एली मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. त्याला 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींत हा भेद सोयीस्करपणे गाळला जातो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात मूत्रपिंडाच्या 37 रुग्णांना हितकारक जिवाणू आणि त्यांचे खाद्य एकत्र देण्यात आले. पी-क्रेसिल सल्फेट कमी झाले. इंडॉक्सिल सल्फेटमध्ये मात्र लक्षणीय फरक पडला नाही. त्यानंतर 2023 साली कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. या पूरकांनी मूत्रपिंडाचा आजार थोपतो, असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा त्यात मिळाला नाही. महागडी कॅप्सूल घेण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे. कॅप्सूलमुळे क्रिएटिनीन उतरेल, असे कोणी ठामपणे सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

माझ्या मते, कॅप्सूलपेक्षा बद्धकोष्ठाकडे लक्ष देणे अधिक मोलाचे आहे. उतारवयात ही तक्रार सामान्य असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत तर फारच. मळ आतड्यात जितका काळ राहील, तितका वेळ जिवाणूंना प्रथिने कुजवायला मिळतो. त्यांना तंतूमय अन्न मिळाले, की ते आधी त्यावर गुजराण करतात आणि ती अपायकारक द्रव्ये कमी निर्माण होतात. अडचण अशी, की तंतू असलेल्या पुष्कळ भाज्या-फळांत पोटॅशियमही भरपूर असते आणि दुर्बल मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते.

येथे आपल्या वसई-विरारच्या ताटाचा विचार करावाच लागतो. आगाशीची सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी. पाणी उडून गेल्यावर केळ्यातील पोटॅशियम त्या लहानशा तुकड्यात एकवटते. शहाळ्याचे पाणी 'थंड व औषधी' म्हणून पाहुणे प्रेमाने आणतात. त्यातही पोटॅशियम बरेच असते. सुके बोंबील आणि खारी मासळी यांतून मीठ जाते. मीठ कमी करायचे म्हणून 'कमी सोडियमचे' मीठ आणावे, तर त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते धोक्याचे ठरू शकते. कमरख हे फळ तर अशा रुग्णांच्या मेंदूवर विषारी परिणाम करते. ते घरात आणूच नये.

सर्वच आवडते पदार्थ बंद करावेत, असा याचा अर्थ नाही. रक्तातील पोटॅशियम किती आहे, हे पाहून आहारतज्ज्ञ मोकळीक ठरवून देतात. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे. पोटॅशियम बऱ्याच अंशी कमी होते. इसबगोल घ्यायचे, तर त्याला पुरेसे पाणी लागते. ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी ते विचारल्याविना घेऊ नये. मॅग्नेशियमयुक्त रेचकेही परस्पर आणू नयेत.

आता त्या विरजणाच्या वाटीकडे वळू. घरच्या दह्यात जिवंत जिवाणू असतात, हे खरे. पण ते कोणते आणि किती, हे प्रत्येक घरच्या विरजणानुसार बदलते, म्हणून प्रत्येक दही 'प्रोबायोटिक' ठरत नाही. त्याची कढी करून उकळली, तर ते जिवाणू मरतात. चव तेवढी राहते. दह्यात प्रथिने, फॉस्फरस आणि पोटॅशियमही असते, म्हणून मोठ्या वाडग्याऐवजी लहान वाटी बरी, आणि तीही वैद्यांनी ठरवलेल्या प्रथिनांच्या हिशेबात धरून. ताक करायचे, तर बिनमिठाचे. जिरेपूड घालून पाहावी, मिठाची उणीव फारशी भासत नाही.

ज्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे किंवा जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात, त्यांना मात्र जिवाणूंची कॅप्सूल परस्पर मुळीच देऊ नये. अशा रुग्णांत क्वचित तेच जिवाणू रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. पुढच्या तपासणीला जाताना घरातील सर्व पूरकांची पाकिटे, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. शौचास दररोज साफ होते की नाही, हेही न लाजता सांगा. पुष्कळ आजी-आजोबा तेवढेच सांगायचे राहून जातात.