हाकेला साजेल असे नाव

कामाच्या कुत्र्याचे नाव हे त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याइतकेच उपयोगाचे साधन असते, आणि म्हणून ते निवडताना लाडाच्या कुत्र्याच्या बारशापेक्षा थोडा अधिक विचार करावा लागतो. कामाचा कुत्रा म्हणजे ज्याच्याकडून राखण, हाकणे, हुंगून शोधणे किंवा मारलेली शिकार उचलून आणणे यांपैकी एखादे काम नेमाने करवून घेतले जाते असा कुत्रा. पुणे परिसरात असे कुत्रे पोलिसांच्या श्वानपथकात आहेत, मावळातील सुदुंबरे येथे तळ असलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या म्हणजे एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनमध्ये आहेत, आणि दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांबरोबर, चालणारेही आहेत. या लेखाला निमित्त झालेला कुरळ्या केसांचा कामाचा कुत्रा मात्र आपल्याकडे परका आहे. कारवान, मुधोळ यांसारखी दख्खनची देशी वाणे आखूड केसांची असून ‘पश्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारवानाच्या केसाळ भेदालाही कान आणि शेपटीवर रेशमी झालर असते, कुरळेपणा नसतो. पूडल आता पुण्याच्या सोसायट्यांमधून दिसतो. त्याचे कामकरी भाऊबंद, म्हणजे पोर्तुगीज वॉटर डॉग, इटलीचा लागोत्तो, इंग्लंडचा कर्ली कोटेड रिट्रीव्हर, हंगेरीचे पुली आणि कोमोन्दोर, हे आपल्याकडे बहुधा चित्रांतूनच भेटतात.

या सर्व वाणांत कुरळा केस ही हौसेची गोष्ट नसून कामाची आहे. पाण्यात पडलेले बदक काढून आणणाऱ्या कुत्र्याला दाट, पीळदार केस थंडीपासून वाचवतात. पूडलची जी कातरणी आज नखरेल वाटते तिचे मूळ छाती व सांधे उबदार ठेवून बाकीचे केस पोहण्यासाठी उतरवण्याच्या रीतीत सांगितले जाते. लागोत्तो पूर्वी दलदलीतले पाणपक्षी काढून आणी आणि आता जमिनीखालची ट्रफल नावाची महागडी बुरशी हुंगून काढतो, तेव्हा काट्याकुट्यांतून घुसताना तोच कोट, म्हणजे केसांचे आवरण, त्याच्या अंगावरचे चिलखत होतो. कोमोन्दोरचे केस वळून त्यांच्या जटा बनतात आणि कळपावर आलेल्या लांडग्याचे दात त्या जटांत अडकतात. कुत्र्यांच्या कोटातली विविधता प्रामुख्याने तीन जनुकांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून येते, असे २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्यांपैकी केसाला पीळ देणारे जनुक ‘केआरटी ७१’ या नावाने ओळखले जाते आणि ते केराटिन या केसांच्या घटकद्रव्याशी संबंधित आहे.

असे असले तरी केसांवरून नाव ठेवण्यात एक अडचण आहे. नाव कुत्र्याला आयुष्यभर पुरायचे असते आणि कोट काही तेवढा टिकत नाही. पिलाचे मऊ केस मोठेपणी बदलतात, आणि पुण्यात एप्रिलचा पारा चाळिशीकडे सरकला की कुरळ्या कुत्र्याचे केस मशीनने बारीक केले जातात, मग ‘कुरळ्या’ नावाचा एक गुळगुळीत प्राणी दारात बसलेला दिसतो. या नामकरणाचे जगप्रसिद्ध उदाहरण तर फारच बोलके आहे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुतनिक २ या यानातून मॉस्कोच्या रस्त्यावरची जी कुत्री अंतराळात पाठवली, तिला आरंभी दिलेले नाव ‘कुद्रयाव्का’ म्हणजे ‘कुरळी’ असे होते. जगाने मात्र तिला ‘लायका’ म्हणूनच लक्षात ठेवले, आणि त्या रशियन शब्दाचा संबंध भुंकण्याशी आहे. नाव टिकण्याची इतर कारणे असतीलच, पण दोन आखूड अक्षरे तोंडात बसली आणि व्यंजनांची गर्दी असलेला शब्द मागे पडला, हे नामकरण करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आखूडपणाचा हा नियम नवा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन याने शिकारीवरील आपल्या ग्रंथात कुत्र्यांची नावे हाक मारायला सोपी जावीत म्हणून आखूड असावीत असे सांगून ४७ नावांची यादीच दिली आहे. आधुनिक संशोधनाने या अनुभवाला थोडा तपशील पुरवला. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मकॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षकांच्या आज्ञा तपासल्या तेव्हा असे आढळले, की जनावराला धावते करण्यासाठी माणसे तुटक आणि भराभर पुन्हा येणारे आवाज वापरतात, तर त्याला थांबवण्यासाठी किंवा शांत करण्यासाठी लांबवलेला एकच स्वर लावतात. बैलाला हाकताना जिभेची टकटक आणि थांबवताना लांबलेला हेल ऐकलेल्या वाचकाला हे पटायला वेळ लागणार नाही. बुडापेस्टच्या विद्यापीठात २०२० साली कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युत्तरंग मोजून झालेला प्रयोग नावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. ओळखीची आज्ञा आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूत उमटला, परंतु एकाच ध्वनीने वेगळा असलेला निरर्थक शब्द आणि खरी आज्ञा यांत तसा फरक उमटला नाही. कुत्र्याला ऐकू कमी येते म्हणून हे घडते असे मानण्याचे कारण नाही, कारण माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्झ असताना त्याची ४५ हजारांच्या आसपास जाते. शब्दातले बारीक भेद नोंदवण्याची त्याची रीतच निराळी असावी. गोंगाटाचेही असेच आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या २०१९ सालच्या अभ्यासात मागच्या बोलण्याचा आवाज हाकेइतकाच असतानाही कुत्र्यांनी आपले नाव ओळखले, पण तो हाकेपेक्षा मोठा झाल्यावर ते त्यांना जमेना. लक्ष्मी रस्त्यावर किंवा स्वारगेटच्या चौकात कुत्रा घेऊन फिरणाऱ्याने यातून काय घ्यायचे ते उघड आहे: नावात ठळक स्वर आणि उच्चाराला धार हवी, आणि ते इतर कोणत्याही आज्ञेच्या जवळ जाणारे नसावे.

या कसोटीवर मराठी खेड्यातली जुनी नावे आश्चर्य वाटावे इतकी चोख उतरतात. वाघ्या, खंड्या, मोत्या, टिप्या, काळ्या ही नावे दोन उच्चारांची आहेत, त्यांच्या मध्यावर जोडाक्षराचा झटका आहे, आणि शेवटचा ‘आ’ शेताच्या बांधावरून लांबवता येतो. शिवाय त्यांत व्याकरणाचा एक फायदा दडलेला आहे. व्यंजनात संपणाऱ्या नावाला हाक मारताना मराठी जीभ बहुधा पुढे ‘आ’ जोडते, म्हणजे शंकरचा ‘शंकरा’ होतो, आणि ‘वाघ’ हे नाव ठेवले तर ‘वाघ’, ‘वाघा’, ‘वाघाला’ असे रूप पालटत राहते. ‘या’ प्रत्ययाचे नाव मात्र जन्मतःच हाकेच्या रूपात असते आणि ‘वाघ्याला’, ‘वाघ्याने’ म्हटले तरी त्याचे मूळ अंग जसेच्या तसे राहते, त्यामुळे घरातले सगळे त्याच्याविषयी कसेही बोलोत, कुत्र्याच्या कानावर तोच ध्वनी पडतो. माणसाच्या नावाला हा प्रत्यय लावला तर सलगी किंवा तुच्छता दिसते, गणेशचा गण्या होतो. कुत्र्याच्या बाबतीत ती सलगीच अभिप्रेत असते.

यांपैकी वाघ्या आणि खंड्या या नावांना ध्वनीपलीकडचे वजन आहे. पुण्याहून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या जेजुरीच्या खंडोबाचा कुत्रा हा सोबती आहे आणि देवाच्या शिल्पांत व चित्रांत तो घोड्याजवळ दिसतो. देवाला वाहिलेल्या पुरुष भक्ताला वाघ्या म्हणतात आणि हे वाघ्ये विशिष्ट विधींत देवाचे कुत्रे होऊन कोटंबा नावाच्या लाकडी पात्रातले अन्न घेतात. कर्नाटकातील मैलार या खंडोबाच्याच रूपाच्या परंपरेतले वग्गय्याही असेच वागतात. धनगरांच्या देवदैवतांचा पुण्यात राहून दीर्घ अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाला राजा, शिकारी आणि मेंढपाळ अशा तिन्ही रूपांत पाहिले, आणि या तिन्ही व्यवसायांत कुत्र्यावाचून भागत नाही. तेव्हा वाघाचे नाव भक्ताला आणि भक्ताचे नाव कुत्र्याला, असा हा प्रवास असावा. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते आणि त्याचे नाव खंड्या असे सांगतात. शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवल्याबद्दल महाराजांनी कुत्र्याला जहागीर व पालखीचा मान दिला आणि एकदा तर जरीचे कपडे व दागिने घालून आपली पगडीच त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी हकिकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. रायगडावरील वाघ्याची गोष्ट अधिक वादाची आहे. तेथील स्मारक १९३६ सालचे असून शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या कथेला समकालीन आधार नाही असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे, २०१२ साली तो पुतळा हलवून पुन्हा बसवलाही गेला. कुत्र्याचे एक नाव इतका राग आणि इतकी माया ओढून घेऊ शकते, ही बाब नामकरणाच्या विषयात दुर्लक्षिण्यासारखी नाही.

पोलीस दलात मात्र ‘या’ प्रत्यय फारसा पोचला नाही. तेथील नावे इंग्रजी किंवा हिंदी धाटणीची असतात, आणि त्यांतले सर्वांत गाजलेले नाव पुण्याशी जोडलेले आहे. शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झालेला झंजीर हा पिवळसर लॅब्रॅडॉर होता आणि त्याचे नाव १९७३ सालच्या हिंदी चित्रपटावरून ठेवले होते. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या तपासात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसे शोधून दिली, आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. झंजीर हे नाव र या व्यंजनात संपते, तरी त्यातला लांब ‘ई’ दूरवर जातो आणि ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ यांपैकी कोणत्याही इंग्रजी आज्ञेशी त्याची गल्लत होण्याजोगी नाही, हा खरा गुण.

घरी मराठीतून शिकवणाऱ्याला ही गल्लत वेगळ्या ठिकाणी सांभाळावी लागते. ‘बस’, ‘ये’, ‘जा’, ‘थांब’ या मराठी आज्ञा इतक्या आखूड आहेत की ‘बासू’ किंवा ‘जॅक’ नावाच्या कुत्र्याने हाकेबरोबर बसकण मारली किंवा चालू लागला तर दोष त्याचा नव्हे. अंगावर सोडण्यासाठी म्हणतात त्या ‘छू’शी मिळतेजुळते नाव तर टाळलेलेच बरे. पुण्यात ‘हार्डी’ हे नाव अधूनमधून ऐकू येते. ज्या प्रांतात भटक्या कुत्र्याला ‘हाड, हाड’ करून पळवून लावतात तिथे हे नाव ठेवणाऱ्याच्या धाडसाचे कौतुकच करायला हवे. माणसांची नावेही जपून वापरावीत, कारण सोसायटीच्या जिन्यात ‘आर्यन, खाली बस’ अशी करडी आज्ञा गेल्यावर दोन दारे उघडण्याचा संभव असतो. कागदावरचे नाव या सगळ्यापासून मोकळे असते. केनेल क्लबच्या नोंदणीत पैदासकाराच्या घराण्याच्या नावासह चार-पाच शब्दांचे भारदस्त नाव खुशाल लिहावे. हाकेचे नाव त्याहून वेगळे असण्याची रीत जगभर आहे.

तरीही कुरळ्या कोटाचा मान राखायचाच असेल तर वर्णनाचा शब्द सोडून वस्तूचा शब्द घेणे हिताचे ठरते. ‘गोंड्या’ हे त्यांतले सर्वांत जुळणारे नाव म्हणता येईल. गोंडा म्हणजे दोऱ्यांचा झुपका, केस कापले तरी शेपटीच्या टोकाला तो राहतोच, आणि कुत्र्याच्या शेपूट हलवण्याला मराठीत ‘गोंडा घोळणे’ असेच म्हणतात. ‘झिपऱ्या’ ऐकायला खटकेबाज आहे, पण त्यात विस्कटलेपणाचा ठपका येतो, आणि तो कुत्र्यापेक्षा त्याचे केस न विंचरणाऱ्या मालकावर अधिक बसतो. जटा वळलेल्या पुलीला ‘जट्या’ शोभेल. कुत्रीसाठी ‘चकली’ हे नाव हसू आणणारे असले तरी परीक्षेला उतरते: उच्चारात ‘चक-ली’ असे दोन तुकडे पडतात, च आणि क दोन्ही टणक, शेवटची ‘ई’ लांबवता येणारी, आणि आकार तर कुरळ्या केसाचाच. ‘शेवंती’ दिसायला तितकेच समर्पक, पाकळ्यांचा तसाच वळसा, मात्र एक उच्चार जादा असल्याने घाईत त्याचे ‘शेवू’ होणार हे गृहीत धरून आरंभीच ‘शेवू’ शिकवावे.

ठरवलेले नाव पक्के करण्यापूर्वी ते घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः आजी-आजोबांनी आणि लहान मुलांनी, मोठ्याने हाक मारून पाहणे आवश्यक असते, कारण ‘ब्रूनो’चे ‘बुरुणो’ होणार असेल तर ते आधी कळलेले बरे. नंतर काही दिवस नाव उच्चारताच खाऊ द्यायचा आणि रागावताना ते नाव मुळीच घ्यायचे नाही, हा प्रशिक्षकांचा पाठ आहे. जे नाव ऐकल्यावर ओरडाच बसतो त्या नावाला कुत्रा जवळ येण्याऐवजी पलंगाखाली जातो. सेवानिवृत्त किंवा दत्तक घेतलेला मोठा कुत्रा आपले नाव बरोबर घेऊनच येतो आणि ते सहसा तसेच ठेवावे. बदलणे भागच असेल तर काही काळ नवे नाव आधी व जुने लगेच मागून असे जोडून हाक मारावी, ‘गोंड्या, ब्रूनो’, आणि कुत्रा पहिल्याच शब्दाला मान वळवू लागला की दुसरा गाळून टाकावा.