शिवाजी चौकातला विल्सन

कोल्हापूरकरांनो, शिवाजी चौकात महाराजांच्या आधी कोणाचा पुतळा होता, माहीत आहे का? मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा!

१९४२. महायुद्ध चालू, भारत संरक्षण नियम लागू. नुसत्या संशयावरून, खटला न चालवता माणूस आत. कोल्हापूर संस्थान असलं तरी इंग्रजांची करडी नजर होतीच. सभा, पत्रकं, घोषणा सगळ्यावर बडगा. मग इंग्रज सत्तेचा निषेध करायचा कसा? भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोघींनी भर चौकात विल्सनच्या तोंडाला काळं फासलं. भर चौकात हं! पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी पुतळाच फोडला.

१९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने तिथे शिवराय आले. पुढच्या वेळी चौकातून जाताना या दोघींची नावं पोरांना जरूर सांगा.