बहुपथी ध्वनिमुद्रक : जोडण्या व पडद्यावरील खुणांची ओळख

धालोची गीते, रणमाले, घुमट आरती हा गोव्याच्या ग्रामीण भागातील ठेवा प्रामुख्याने मौखिक परंपरेने जतन झालेला आहे. ही गीते मुखोद्गत असलेली वृद्ध मंडळी आहेत तोवरच त्यांचे ध्वनिमुद्रण होणे अगत्याचे आहे. हातात मावणारा बहुपथी डिजिटल ध्वनिमुद्रक या कामी फार उपयोगी पडतो. परंतु त्याच्या जोडण्या व पडद्यावरील खुणा नीट न समजल्यास पुन्हा न येणारी संधी वाया जाण्याचा संभव असतो.

या यंत्रात प्रत्येक मायक्रोफोनचा आवाज स्वतंत्र पथावर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदला जातो. मुख्य गायक, साथीदार, घुमट आणि शामेळ यांना एकेक ट्रॅक दिल्यास वाद्यांचा नाद शब्दांवर चढला तरी त्याचे प्रमाण मागाहून बऱ्याच अंशी कमी करता येते.

जोडण्या : मायक्रोफोनसाठी तीन टोकांची एक्स्एल्आर जोडणी वापरावी. तिच्या दोन तारांतून एकच ध्वनिसंकेत परस्परविरुद्ध रूपात वाहतो. त्यामुळे वाटेत शिरलेली विजेची घरघर यंत्रात पोहोचल्यावर आपोआप वजा होते. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला वीज लागते. ती पुरविण्यासाठी ४८ व्होल्टची कळ चालू करावी. डायनॅमिक मायक्रोफोनला तिची गरज नसते. ध्वनिक्षेपक यंत्रणेच्या मिक्सरमधून येणारा संकेत मायक्रोफोनच्या मानाने पुष्कळ प्रबळ असतो. तो 'लाइन' जोडणीतच घ्यावा, अन्यथा आवाज फाटतो.

पडदा : पडद्यावर प्रत्येक ट्रॅकची एक पट्टी आवाजाबरोबर पुढेमागे सरकते. तिच्यावरील आकडे डेसिबलचे असून शून्य ही कमाल मर्यादा होय. आवाज शून्याला भिडला की ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो आणि तो दोष पुढे पूर्णपणे दुरुस्त होत नाही. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजालाही पट्टी उणे १२च्या आसपास राहील, अशी पातळी ठेवावी. ही चाचणी घुमटावर जोराची थाप देऊन करावी. हलक्या थापेवरून अंदाज बांधू नये.

दुसरी महत्त्वाची खूण वेळेची. काही यंत्रांत मुद्रणाची कळ एकदा दाबल्यास केवळ पूर्वतयारी होते व दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावरच मुद्रण सुरू होते. पडद्यावरील सेकंद पुढे सरकत आहेत, याची खात्री करून घ्यावी.

उरलेली जागा व बॅटरी यांच्या खुणाही आरंभीच पाहाव्यात. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणात एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. चार ट्रॅकना तासाला दोन गिगाबाइटांहून थोडी अधिक, म्हणजे ३२ गिगाबाइटांच्या कार्डावर सुमारे पंधरा तासांचे मुद्रण मावते. बॅटरी मात्र इतका काळ टिकेलच असे नाही. विशेषतः ४८ व्होल्टची कळ चालू असता ती लवकर उतरते. सबब जादा बॅटऱ्या जवळ बाळगाव्यात.

मुद्रणापूर्वी कलावंतांची संमती घ्यावी आणि आरंभी गाव, तिथी व गाणाऱ्यांची नावे स्पष्ट उच्चारावीत. काम संपताच मुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून, त्या ऐकून पाहिल्यानंतरच कार्ड पुसावे. एवढी दक्षता घेतल्यास आजीच्या ओठावरील गीत नातवंडांच्या पिढीलाही तिच्याच आवाजात ऐकावयास मिळेल.