कमी पर्सेंटाइल म्हणजे दार बंद नव्हे



गेल्या जूनमध्ये जावळी तालुक्यातील एका कातकरी मुलाचे वडील माझ्याकडे आले. मुलाला एमएचटी-सीईटीत 38 पर्सेंटाइल मिळाले होते. "पोरगं नापास झालं. पण एकजण पैसे भरून सीट देतो म्हणतोय. वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊ का?" असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "दादा, थांबा." 38 पर्सेंटाइल म्हणजे 38 गुण नव्हेत. शंभरातील सुमारे 38 परीक्षार्थी त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीईटीत कोणी नापास होत नाही. शून्याहून अधिक गुण आणि बारावीच्या ठरलेल्या विषयांत 45 टक्के (राखीव प्रवर्गाला 40) असले की शासनाच्या कॅप फेरीत बसता येते. तिथे अनुसूचित जमातीसाठी 7 टक्के जागा राखीव असतात. कॅपमधून प्रवेश घेतला आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले, तर महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळते. व्यवस्थापन कोट्यातील विकत घेतलेल्या जागेवर ती मिळत नाही.

मग पसंतीक्रम भरायला बसलो. सांगलीचे वालचंद (1947) आणि कराडचे शासकीय महाविद्यालय (1960) यांची स्पर्धा मोठी. तरी मनापासून हवे ते वर लिहावे, त्याने खालची संधी जात नाही. मात्र पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून विचार करून लिहावी. त्याखाली राजारामनगर, आष्टा अशी नावे लिहिताना अनुसूचित जमातीची मागील वर्षाची कट-ऑफ, हवी ती शाखा, वसतिगृह आणि जेवणाचा खर्च पाहिला.

एक चूक मात्र माझी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीचा जात पडताळणीचा अर्ज "बारावीनंतर करू" असे मी म्हणालो. प्रमाणपत्र वेळेत आले नाही, राखीव जागा गेली. ती पदविकेकडे वळली. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणून वाट संपली नाही, पण लांबली.

या मुलाचे प्रमाणपत्र तयार होते. त्याला सांगली जिल्ह्यात मेकॅनिकलला जागा मिळाली. वडिलांनी उचल घेतली नाही.

आपल्या मंडळीच्या आसपास अकरावीत शिकणारे आदिवासी मूल असेल, तर पडताळणीचा अर्ज झाला का, एवढे आजच विचारा. कागद गोळा करायला सोबत जा. त्यांच्यासाठी प्रार्थनाही करा.