बोडका साग मेलेला नसतो!

यवतमाळचं निसर्गचित्र काढा म्हटलं, की कागदावर काय येतं? भेगाळलेली जमीन, एक वठलेलं झाड आणि वर तळपता सूर्य. हे इतक्या वेळा छापून आलंय, की तेच आपल्या जिल्ह्याचं प्रतीक होऊन बसलंय. पण चित्रातलं झाड इतकं सोपं असतं का?

रेम्ब्रांटचं ‘तीन झाडं’ हे 1643 मधलं एचिंग मोबाइलवर शोधा. टेकाडावर तीन झाडं, डावीकडे पावसाच्या तिरप्या रेघा. आदल्याच वर्षी त्याची पत्नी सास्किया वारली होती. अनेकांना या झाडांत येशूच्या वेळचे तीन क्रूस दिसतात. पण जरा झूम करा. झुडपात लपलेलं जोडपं, पाण्याकाठी मासे धरणारा माणूस, टेकडीवर बसलेला चित्रकार! वादळ आहे आणि जगणंही चालू आहे.

एचिंगमध्ये बहुतेक वेळा रंगांची मदत नसते. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. वेळ जितका जास्त, तितकी रेघ खोल आणि छाप काळा. म्हणजे काय गडद करायचं, हे आधी ठरवावंच लागतं.

ते कोण ठरवतं, हेही महत्त्वाचं. 1803 मध्ये थॉमस डॅनियलनं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळच्या लेण्यांची 24 चित्रं छापली. तंत्र एचिंगच्याच कुळातलं. झाडोऱ्यात बुडालेले अवशेष तेव्हाच्या इंग्रज रसिकांना फार आवडायचे. ‘इथलं वैभव आता संपलं’ असं त्यातून आपसूक सुचवलं जायचं. वेल्सकडे शिकलेल्या पुण्याच्या गंगाराम तांबटनंही वेरूळ रेखाटलं होतं. त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

आता आपल्याकडे या. एप्रिलमध्ये पांढरकवड्याहून टिपेश्वरकडे जाताना साग बोडका दिसतो. वाटतं, मेलाच. पण पाणी वाचवायला त्यानं पानं गाळलेली असतात. पावसासोबत तो पुन्हा पालवतो. पळस तर अंगावर पानं नसतानाच फुलतो.

इथल्या कास्तकाराचं दुःख खोटं नाही. ते चित्रात यायलाच हवं. पण फक्त तेवढंच गडद केलं, तर चित्र अर्धं राहील. तेव्हा पुढच्या सुट्टीत स्केचबुक घेऊन निघा. बाहेरचा माणूस वठलेलं झाड काढून निघून जाईल. तो साग आहे आणि जिवंत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.